लोककलेच्या कप्प्यात बंद केलेले कवी

ब्राझीलच्या ईशान्य भागात सव्वाशेहून अधिक वर्षे छापल्या जाणाऱ्या ‘कोर्देल’ या पद्यपुस्तिकांना तिथल्या राष्ट्रीय वारसा संस्थेने सप्टेंबर २०१८ मध्ये देशाचा सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. उशिरा का होईना, हे घडले याचे समाधान कोणाही काव्यप्रेमी माणसाला वाटेल. परंतु त्या मान्यतेने एक प्रश्न सुटलेला नाही, आणि माझ्या मते तोच मुख्य आहे : या कवींना ब्राझीलच्या वाङ्मयेतिहासात जागा आहे की नाही? वारशाच्या यादीत एखादा प्रकार, एखादी परंपरा, एखादा समूह नोंदवला जातो. वाङ्मयाच्या इतिहासात मात्र कवी नोंदवावा लागतो. त्याची कृती, तिचे साल, तिचा प्रकाशक आणि तिचे पाठभेद नोंदवावे लागतात. कोर्देलच्या कवींवर जो अन्याय झाला तो नेमका या दोन नोंदींमधल्या अंतरात झाला, आणि त्यांना ‘लोककला’ या कप्प्यातून बाहेर काढून नावानिशी वाङ्मयात आणल्याखेरीज तो दूर होणार नाही, असे मला वाटते.

या पुस्तिकांचे रूप साधे आहे. कागदाच्या एका तावाला घड्या घातल्या की तळहाताहून थोडी मोठी आठ पाने होतात. म्हणून पुस्तिका आठ, सोळा किंवा बत्तीस पानांची असते. आतली रचना बहुधा सहा ओळींच्या कडव्यांची, प्रत्येक ओळ सात अक्षरांची, आणि दुसऱ्या, चौथ्या व सहाव्या ओळीला यमक. विक्रेता आठवडी बाजारात पथारी मांडून किंवा दोरीवर पुस्तिका टांगून बसे आणि मोठ्याने, चालीवर कथा म्हणू लागे. गर्दी जमली आणि कथेतला पेच ऐन रंगात आला की थांबे. पुढे काय झाले हे ज्याला हवे त्याने पुस्तिका विकत घ्यावी. विकत घेणाऱ्यांपैकी पुष्कळांना वाचता येत नसे. ते पुस्तिका घरी नेत आणि शेजारच्या, पाड्यावरच्या कोणा साक्षर माणसाकडून ती वाचून घेत. पुन्हा पुन्हा ऐकून ती अनेकांना पाठ होई. राजे आणि राक्षस, मध्ययुगीन युरोपचा सम्राट शार्लमेन याचे वीर, दुष्काळ, दरोडेखोर लांपियाओची १९३८ मधली हत्या, राष्ट्राध्यक्ष वार्गास यांची १९५४ मधली आत्महत्या, असे सारे विषय या आठ-सोळा पानांत येऊन गेले.

पोर्तुगिजांनी ब्राझीलमध्ये छपाई जवळजवळ तीन शतके होऊ दिली नाही, हेही इथे ध्यानात घ्यायला हवे. गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला आणि मराठी वाचकांना परिचित असलेले फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले; त्याच साम्राज्याच्या ब्राझीलमध्ये मात्र १७४७ मध्ये रिओत कोणी छापखाना काढला तर तो राजाज्ञेने बंद करण्यात आला, आणि अधिकृत छपाई सुरू झाली ती राजघराणे १८०८ मध्ये तिथे पळून आल्यानंतर. म्हणजे ज्या देशात मुद्रण इतक्या उशिरा पोहोचले, त्या देशाच्या सर्वांत गरीब, दुष्काळी भागातल्या कवींनी शतक संपायच्या आत छापखाना स्वतःच्या कामाला लावला होता. वृत्तपत्रांच्या छापखान्यांत पुस्तिका छापून घेण्यापासून सुरुवात करून पुढे त्यांनी स्वतःची यंत्रे घेतली, स्वतःचे विक्रेते नेमले. हे कर्तृत्व लहान नव्हे.

या कर्तृत्वाचा आरंभ ज्याच्यापासून धरला जातो तो लेआंद्रो गोम्स दे बारोस १८६५ मध्ये ईशान्येच्या पाराइबा राज्यातल्या पोंबाल इथे जन्मला आणि १९१८ मध्ये रेसिफे शहरात वारला. कवितेवर आणि केवळ कवितेवर त्याने संसार चालवला, आणि त्या काळच्या ब्राझीलमध्ये राजधानीतल्या नामवंत कवींनाही हे जमत नव्हते. त्याची लोकप्रियता एवढी की त्याच्या पुस्तिका दुसरे लोक परस्पर छापून विकू लागले. यावर उपाय म्हणून त्याने पुस्तिकांवर आपले छायाचित्र छापले, मालकीहक्काच्या सूचना छापल्या, आणि अखेरच्या कडव्यात ओळींची पहिली अक्षरे वरून खाली वाचली तर आपले नाव उमटेल अशी रचना केली. आपल्या संतकवींच्या अभंगात शेवटी नाममुद्रा येते, तशीच ही नाममुद्रा. फक्त ती कानाला ऐकू न येता डोळ्यांना दिसावी अशी योजलेली. ज्या माणसाने आपले कर्तेपण जपण्यासाठी इतकी खटपट केली, त्याच्याविषयी ‘लोकपरंपरेत कर्ता महत्त्वाचा नसतो’ असे विधान करणे मला उद्धटपणाचे वाटते.

पुढे जे घडले ते या लेखाचे मर्म आहे. लेआंद्रोच्या मृत्यूनंतर, १९२१ मध्ये, त्याच्या विधवा पत्नीने त्याच्या कृतींचे हक्क रेसिफेतले प्रकाशक जुआंव मार्तिन्स दे अताइदे यांना विकले. व्यवहार कायदेशीर होता. अताइदे स्वतः कवी होते आणि व्यवसायात कर्तबगारही होते. पुस्तिकांचा आकार आणि पानांची संख्या ठरीव करणे, दूरदूरच्या शहरांत विक्रेत्यांचे जाळे उभारणे ही कामे त्यांनी केली, आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु त्यांनी लेआंद्रोच्या कविता छापताना मुखपृष्ठावर स्वतःचे नाव घातले, आणि अनेक ठिकाणी अखेरच्या कडव्यातल्या ओळी बदलून ती नाममुद्राही मोडून टाकली. १९४९ मध्ये हा सारा संग्रह जुआझेरो दो नोर्तेच्या जोझे बेर्नार्दो दा सिल्वा यांच्याकडे गेला, आणि त्यांच्या छापखान्यातून निघालेल्या पुस्तिकांवर ‘संपादक-मालक’ म्हणून त्यांचे नाव झळकू लागले. दोन पिढ्यांत लेआंद्रोच्या कविता ईशान्येतल्या घराघरांत पोहोचल्या, पण मुखपृष्ठावर नाव होते ते तिसऱ्याच माणसाचे.

बाजारात असे व्हावे, हे समजू शकते. बाजाराला नफा हवा असतो. मला अधिक खटकते ते अभ्यासकांनी काय केले ते. ग्रंथालयांनी आणि लोकविद्येच्या संग्राहकांनी या पुस्तिका गोळा केल्या तेव्हा मुखपृष्ठावरचे नाव खरे की खोटे, हे पडताळण्याची गरज पुष्कळांना वाटली नाही, कारण हे साहित्य मुळात ‘जनतेचे’ आहे आणि जनतेच्या साहित्याला कर्ता नसतो, असे गृहीतच धरलेले होते. एखाद्या पदवीधर कवीच्या सुनीतावर दुसऱ्याचे नाव छापले गेले असते तर त्यावर शोधनिबंध लिहिले गेले असते. इथे ती चोरी परंपरेचा एक मनोहर गुणधर्म ठरली. प्रकाशकाने कवीचे नाव एकदा पुसले आणि विद्वानांच्या सिद्धान्ताने ते पुसलेपण कायम केले.

कर्तेपणाची कल्पना ही शहरी, युरोपीय कल्पना आहे आणि ती या परंपरेवर लादू नये, असा एक युक्तिवाद केला जातो, आणि तो करणारे लोक सद्हेतूनेच करतात. पण कोर्देलचा इतिहासच त्याला साक्ष देत नाही. ‘रहस्यमय मोराची कथा’ ही या वाङ्मयातली बहुधा सर्वांत खपलेली कृती. ती जोझे कामेलो दे मेलो रेझेंदे यांनी रचली आणि जुआंव मेल्कियादेस फेरेरा यांनी आपल्या नावावर छापली, हा वाद कवी आणि त्यांचे वाचक यांनी कित्येक दशके घातला. ज्या समाजाला कर्ता कोण याचे सोयरसुतक नसते, तो असा वाद घालत नाही. मौखिक परंपरेकडे पाहिले तरी तेच दिसते. इनासियो दा कातिंगेरा हा एकोणिसाव्या शतकातला शीघ्रकवी गुलाम होता, निरक्षर होता. तेशेराच्या रोमानोबरोबर पातोस इथे झालेल्या त्याच्या काव्यझुंजीची कहाणी आणि त्याचे नाव पुढच्या गायकांनी पिढ्यानपिढ्या सांभाळले. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली १८८८ मध्ये, इनासियोच्या मृत्यूनंतर. मालकाच्या दप्तरात जो मालमत्ता होता, त्याला गायकांच्या स्मृतीने कवी म्हणून नावानिशी जिवंत ठेवले, आणि छापील पुस्तिका हाती असलेल्या ग्रंथालयांना मात्र कवींची नावे नीट लावता आली नाहीत.

स्त्रियांची नावे तर आणखी खोल गाडली गेली. पाराइबातले कवी-प्रकाशक फ्रान्सिस्को दास शागास बातिस्ता यांची कन्या मारिया दास नेव्हेस बातिस्ता पिमेंतेल हिने १९३८ मध्ये आपली पुस्तिका छापली ती ‘आल्तिनो आलागोआनो’ या पुरुषी टोपणनावाने. वडिलांच्या छापखान्यात वाढलेल्या, यमक आणि अक्षरगणना कानात मुरलेल्या बाईलाही बाजारात स्त्री म्हणून उभे राहता आले नाही. कोर्देलमधली पहिली ज्ञात लेखिका म्हणून तिची ओळख फार उशिरा पटली. या परंपरेला निनावी मानून चालले असते तर आल्तिनो आलागोआनो कोण, हा प्रश्नच कोणी विचारला नसता आणि मारिया कधी सापडली नसती. कर्त्याचा शोध घेणे ही केवळ पंडिती हौस नव्हे, ती न्यायाची बाब आहे, असे मी म्हणतो ते यासाठी.

आता वाङ्मयेतिहासाच्या कसोटीकडे वळू. विसाव्या शतकातले ब्राझीलचे श्रेष्ठ समीक्षक आंतोनियो कांदिदो यांनी १९५९ मधल्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात मांडले की सुट्या सुट्या कृतींनी वाङ्मय होत नाही. लेखक, कृती आणि वाचक एकमेकांशी सतत बांधले गेले आणि त्यातून परंपरा निर्माण झाली की वाङ्मयाची व्यवस्था उभी राहते. त्यांचा ग्रंथ कोर्देल सुरू होण्याआधीच्या काळाविषयी असल्याने त्यात कोर्देल आले नाही, याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु त्यांचीच कसोटी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाला लावून पाहावी. १९२०च्या जनगणनेत ब्राझीलमधली निम्म्याहून खूप अधिक माणसे निरक्षर होती. राजधानीतल्या कवीचा वाचक म्हणजे बहुतेक दुसरा कवी. त्याच वेळी ईशान्येत पूर्णवेळ लिहिणारे कवी होते, त्यांचे छापखाने होते, गावोगाव फिरणारे विक्रेते होते, आवड-नावड रोखठोक सांगणारा श्रोता-वाचक होता, आणि आधीच्या कृतींना उत्तर देणाऱ्या नव्या कृती सतत येत होत्या. कांदिदो यांच्या अर्थाने वाङ्मयाची परिपूर्ण व्यवस्था देशात कुठे नांदत असेल तर ती इथे नांदत होती.

मग हे वाङ्मय इतिहासाबाहेर का राहिले? एक कारण असे की इतिहास लिहिण्याचे केंद्र दक्षिणेकडच्या शहरांत होते आणि केंद्रापासून जे दूर ते ‘प्रादेशिक’ ठरले. साओ पाउलोमध्ये फेब्रुवारी १९२२ मध्ये आधुनिक कलेचा सप्ताह साजरा झाला तो राष्ट्रीय घटना म्हणून पाठ्यपुस्तकांत गेला. साओ पाउलो शहराच्या गल्ल्यांवर, धुक्यावर आणि गर्दीवर लिहिलेल्या कवितांना कोणी प्रादेशिक म्हटले नाही. १९३०च्या दशकात ईशान्येतून आलेल्या कादंबरीकारांना इतिहासात मानाचे स्थान मिळाले, पण तेही ‘प्रादेशिक कादंबरी’ या मथळ्याखाली, आणि त्यांची भाषा व रचना पुस्तकी वाचकाच्या परिचयाची होती म्हणून. त्यांच्या कादंबऱ्यांतला दुष्काळाने देशोधडीला लागलेला शेतकरी स्वतः जे ऐकत होता, जे पाठ म्हणत होता, ते काव्य मात्र मथळ्याखालीही आले नाही. आरियानो सुआसुना यांचे १९५५ मधले ‘दयाळू मातेचे नाटक’ हे ब्राझीलमध्ये सर्वांत अधिक प्रेम लाभलेल्या नाटकांपैकी एक आहे. त्यातली कुत्र्याच्या मृत्युपत्राची आणि विष्ठेतून पैसे टाकणाऱ्या जनावराची कथानके लेआंद्रोच्या पुस्तिकांतून आली आहेत, आणि सुआसुना यांनी हे ऋण कधी लपवले नाही. तरीही नाटक वाङ्मय आणि त्याचा मूळ स्रोत लोकविद्या, अशी वाटणी टिकून राहिली. कवी कार्लोस द्रुमोंद दे आंद्रादे यांनी १९७६ मध्ये वृत्तपत्रात लिहिले की १९१३ साली ओलाव्हो बिलाक यांना ‘कवींचा राजपुत्र’ म्हणून निवडणारे लेखक बहुधा नीट माहितीअभावी चुकले, तो मान लेआंद्रोचा होता. देशातल्या सर्वांत मोठ्या आधुनिक कवीने दिलेला हा निवाडा अजून इतिहासाच्या पुस्तकांनी गंभीरपणे घेतलेला नाही.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. या पुस्तिकांतून शहरी रसिकांनी चित्र उचलले आणि पद्य मागे ठेवले. मुखपृष्ठावरचे लाकडी ठशांचे चित्र हेच कोर्देल, अशी आज जगभर समजूत आहे. बेझेरोसचे जोझे फ्रान्सिस्को बोर्जेस, जे जे. बोर्जेस या नावाने ओळखले जात आणि जुलै २०२४ मध्ये वारले, त्यांच्या ठशांची प्रदर्शने परदेशांत भरली आणि ते योग्यच होते. ते थोर कलावंत होते. परंतु ते स्वतः कवी, मुद्रक आणि विक्रेतेही होते, आणि पुस्तिकेसाठी धातूचा ब्लॉक करून घ्यायला पैसे नव्हते म्हणून लाकूड कोरू लागले होते. बाजारातल्या गिऱ्हाइकाला तर पुष्कळदा मुखपृष्ठावर चित्रपटातल्या नटनट्यांचे छायाचित्र किंवा पोस्टकार्डावरचे प्रेमी जोडपे अधिक आवडे. लाकडी ठसा ‘अस्सल’ असल्याचा आग्रह संग्राहकांचा होता. चित्र भिंतीवर लावता येते, त्याला पोर्तुगीज यावी लागत नाही, आणि त्याचा बाजारभाव ठरवता येतो. दोनशे कडव्यांची कथा मात्र बसून वाचावी लागते.

मेक्सिकोतही हेच झाले. आंतोनियो वानेगास आरोयो यांच्या छापखान्यातून निघणाऱ्या एकपानी पद्यपत्रकांवर होसे ग्वादालुपे पोसादा यांनी कोरलेले सांगाडे आज सर्वांना माहीत आहेत. १९१३ मध्ये गरिबीत वारलेल्या पोसादांना पुढच्या पिढीतल्या चित्रकारांनी गुरुस्थानी मानले, दिएगो रिवेरा यांनी १९४७ मध्ये आपल्या भित्तिचित्रात त्यांना सन्मानाने उभे केले. त्याच पत्रकांसाठी पद्ये लिहिणारे ओआहाकाचे कॉन्स्तान्सियो सुआरेस हे नाव किती जणांना ठाऊक असते? एकाच कागदावर दोघांचे काम होते. कागदाचा वरचा अर्धा भाग संग्रहालयात गेला आणि खालचा अर्धा तळटिपेत.

वारशाच्या मान्यतेने काही लाभ झाला नाही, असे मी म्हणणार नाही. मान्यतेमुळे सरकारी अनुदानाचा मार्ग खुला होतो, शाळांत कार्यशाळा भरतात, नव्या कवींना, विशेषतः कवयित्रींना, व्यासपीठ मिळते. वाङ्मयेतिहासात घेताना या काव्याची चाल, आवाज, बाजारातले सादरीकरण हरवेल, ही भीतीही अगदीच निराधार नाही. पण सादरीकरण हे कर्तेपणाच्या आड येत नाही. नाटकाचे प्रयोग होतात म्हणून नाटककार निनावी होत नाही. राहिला दर्जाचा आक्षेप. हजारो पुस्तिकांत सुमार रचना पुष्कळ आहेत हे खरे, परंतु त्याच काळातल्या पुस्तकी कवितेतही सुमार रचना पुष्कळ आहेत, आणि तिथे आपण निवड करतो, सरसकट सगळ्यांना वेगळ्या कप्प्यात टाकत नाही. निवड करण्यासाठी आधी वाचावे लागते आणि कोणाचे काय हे ठाऊक असावे लागते. वारसा म्हणून गौरवताना सगळ्याच पुस्तिका सारख्या मौल्यवान ठरतात, म्हणजेच चांगल्या कवीला चांगला म्हणण्याची सोय उरत नाही. हा गौरव कवीला मानवणारा नाही.

या कामाचा पाया घातला गेला आहे. पाराइबातले प्राध्यापक आतिला आल्मेदा आणि स्वतः शीघ्रकवी असलेले जोझे आल्व्हेस सोब्रिन्यो यांनी १९७८ मध्ये शीघ्रकवींचा आणि लेखणीने रचणाऱ्या कवींचा चरित्रकोश सिद्ध केला. एक विद्यापीठातला आणि एक बाजारातला, अशा दोघांनी मिळून नावे, कृती आणि खोटे मालक यांचा छडा लावला. मला या वाङ्मयाच्या अभ्यासातले ते सर्वांत आदरणीय काम वाटते. आल्मेदा यांचा पुस्तिकासंग्रह आज कांपिना ग्रांदेच्या राज्य विद्यापीठात आहे. रिओतल्या रुई बार्बोसा प्रतिष्ठानकडे हजारो पुस्तिका आहेत, फ्रेंच अभ्यासक रेमों कांतेल यांचा संग्रह प्वातिए विद्यापीठात आहे, वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयातही मोठा साठा आहे. या संस्थांनी आपापल्या सूचींत कवी, नाव छापलेला प्रकाशक आणि हक्कांचा मालक या तीन गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत नोंदवाव्यात आणि ज्या कृतींचा कर्ता संशोधनाने निश्चित झाला आहे त्यांच्या जुन्या नोंदी दुरुस्त कराव्यात, ही मागणी खर्चिक नाही. लेआंद्रोच्या प्रमुख कृतींची, अताइदे यांच्या बदललेल्या पाठांसह, चिकित्सक आवृत्ती निघाली पाहिजे. मोडलेली नाममुद्रा मूळ प्रती शोधून पुन्हा जुळवता येते आणि काही कृतींबाबत संशोधकांनी तसे केलेलेही आहे. आणि माध्यमिक शाळेच्या वाङ्मयाच्या पुस्तकात १९१० च्या दशकाच्या प्रकरणात बिलाक यांच्या कवितेनंतर लेआंद्रोची कविता यावी : लोककलेच्या रंगीत चौकटीत नव्हे, त्याच मजकुरात, त्याच आकाराच्या अक्षरांत, कवीच्या नावासह आणि छपाईच्या सालासह.